२२ तारखेला मला सुट्टी आहे का?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

आमच्या दुकानात आठवड्याचा रोस्टर शनिवारी रात्री येतो. क्लोजिंग होतं, कॅश जुळते, सिक्युरिटी सगळ्यांच्या बॅगा तपासते आणि आम्ही सर्व्हिस लिफ्टने बेसमेंटला उतरतो. साधारण त्याच वेळी मॅनेजर सर ग्रुपवर एक्सेल शीटचा फोटो टाकतात. रात्री सव्वाअकरा वाजता, पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली, वीस-बावीस माणसं मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटं फाकवून आपापलं नाव शोधत उभी असतात. ओपनिंग कधी, क्लोजिंग कधी, वीक ऑफ कोणत्या वारी. हे सगळं सोमवारपासून लागू. मध्ये फक्त रविवार असतो आणि रविवारी आम्ही सगळेच कामावर असतो.

त्या पाच मिनिटांत बेसमेंटमध्ये जे बोललं जातं ते तुमच्या कानांवर जावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. "मंगळवारी आईचं डायलिसिस आहे आणि मला ओपनिंग लावलंय, कोणी बदलून देता का?" "बँकेत गुरुवारी बोलावलं होतं, माझा ऑफ बुधवारी गेला." "मुलीच्या शाळेत या शनिवारी पण मला जाता येणार नाही. बाई म्हणतील, हिला आई आहे की नाही." मग कोणीतरी कोणाला तरी अदलाबदल करून देतं, कोणी मान हलवून गाडीला किक मारतं. हे दर शनिवारी होतं.

मी पुण्यात नगर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या मोठ्या दुकानात काम करते. माझा विभाग लहान मुलांच्या कपड्यांचा. २०१६ च्या दिवाळीत सीझनपुरती म्हणून लागले तेव्हा मी २० वर्षांची होते. आज २९ पूर्ण आहेत. माझ्याबरोबर लागलेल्यांपैकी पाच जण अजून याच फ्लोअरवर आहोत. सकाळच्या ब्रीफिंगला सर आजही "चला पोरांनो" म्हणून सुरुवात करतात. ते प्रेमाने म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या "पोरां"पैकी दोघांच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, तिघींना मुलं आहेत, एकाने मागच्या वर्षी वडिलांना खांदा दिला. माझ्या कपाळावरचे दोन केस पांढरे झालेत, ते मी ट्रायल रूमच्या आरशात पहिल्यांदा पाहिले.

विशीत रोस्टरचं काही वाटत नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. चंदननगरला आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. जिला ऑफ ती स्वयंपाक करणार, एवढाच नियम. सेलच्या आदल्या रात्री स्टॉक लावायला थांबायचं असलं की मजा वाटायची. रात्री दोनला वडापाव यायचे, कोणीतरी मोबाइलवर गाणी लावायचं आणि पहाटेपर्यंत आम्ही शेकडो टी-शर्टांच्या घड्या घालायचो. आज ऑफ नाही, उद्या घेऊ. उद्या नाही, परवा. तेव्हा आमची वाट बघणारं कोणीच नव्हतं. आईवडील धडधाकट होते, लग्नं झालेली नव्हती, बँकेत खातं होतं पण बँकेशी काही काम नव्हतं.

मला ही नोकरी तेव्हाही आवडायची, आजही आवडते. हे मुद्दाम लिहिते, कारण तक्रार केली की लोक विचारतात, एवढा त्रास आहे तर सोडत का नाहीस? मला माझं काम येतं. आई चार वर्षांच्या मुलासाठी ४-५ चा साइझ मागते, मी मुलाचे खांदे बघते आणि ५-६ काढून देते. बहुतेक वेळा तोच बसतो. रडणाऱ्या मुलाला ट्रायल रूममध्ये कसं न्यायचं, बारशाच्या खरेदीला आलेल्या आजीला किमतीचा टॅग पटकन कसा दाखवायचा म्हणजे तिला विचारायचा संकोच होणार नाही, कोणता कपडा दुसऱ्या धुण्यात आटेल, हे मला नऊ वर्षांत कळलं. हे कसब आहे. ते मला सोडायचं नाही.

बदल कधी झाला ते सांगता येत नाही, पण कसा झाला ते सांगता येतं. एकेकाच्या आयुष्यात तारखा आल्या. बिलिंगवाल्या ताईच्या आईचं डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसचं मशीन ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मिळतं. ती वेळ चुकली तर दुसऱ्या कोणाची तरी वेळ मागावी लागते आणि तोही तुमच्याच आईइतका आजारी असतो. मेन्सवेअरचा दादा ३१ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी आलेल्या दोन स्थळांची मंडळी रविवारी येणार होती, कारण जगातल्या बाकीच्या लोकांना रविवारी सुट्टी असते. एकदा त्याला अर्ध्या दिवसाची सवलत मिळाली, तो चारला पोचला तेव्हा मंडळी निघण्याच्या तयारीत होती. दुसऱ्यांदा मिळालीच नाही. मुलीच्या काकांनी फोनवर विचारलं, स्वतःच्या बघण्याच्या कार्यक्रमाला ज्याला सुट्टी मिळत नाही तो संसार काय करणार? तो हे आम्हाला सांगताना शर्टाचे हँगर एका दिशेला करत होता. आम्ही कोणीच काही बोललो नाही.

डेनिमच्या रॅकवरचा मुलगा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो. मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे, म्हणून त्याच्या केंद्रावरचे संपर्क वर्ग रविवारी असतात. आमच्यासारख्यांच्या वाट्याला तेही येत नाहीत. परीक्षेचं वेळापत्रक काही आठवडे आधी लागलं होतं, त्याने ते प्रिंट काढून सरांना दिलं होतं. पेपरच्या आठवड्यात स्टॉक टेकिंग, म्हणजे मालाची मोजणी, निघालं आणि त्याचा एक पेपर गेला. तृतीय वर्ष एका विषयाने राहिलं. त्याला बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्यासाठी पदवी लागते.

आता माझं सांगते.

माझ्या वडिलांना मागच्या गणपतीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय. गावाकडे दहा दिवस काढून मी त्यांना पुण्यात माझ्या खोलीवर आणलं. आई गावीच राहिली, घर आणि दोन म्हशी टाकून तिला निघता येत नव्हतं. मी एकुलती आहे. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. बाहेर करायचा तर त्या खर्चाला माझा अर्धा पगार जातो, म्हणून नंबर लावला. तारीख मिळाली १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. तारीख हातात आली त्याच दिवशी मी सरांना अर्ज दिला, ग्रुपवरही टाकला. पाच आठवडे आधी. सर म्हणाले, बघू, करू काहीतरी.

शनिवारी रात्री रोस्टर आला आणि त्यात कोणालाच ऑफ नव्हता. दिवाळीचा आठवडा, शिवाय वरच्या ऑफिसची व्हिजिट. मी सरांना गाठलं. ते म्हणाले, "मी काय करू सांग, मला काल संध्याकाळी मेल आलाय." गैरहजर राहिले तर दिवसाचा पगार जाणार होता, तो मी सोडला असता. पण दिवाळीच्या आठवड्यात गैरहजर राहिलं की त्या महिन्याचा इन्सेन्टिव्हही जातो, आणि त्यातून मी वडिलांच्या फिजिओथेरपीचे पैसे भरायचे ठरवले होते. मी शेजारच्या एका रिक्षावाल्या काकांना सांगितलं, वडिलांना दवाखान्यात सोडा आणि दुपारी आणा.

वडील तिथे एकटे बसले. आत जाण्याआधी संमतीच्या कागदावर सही लागते. त्यांचा उजवा हात उठत नाही. डाव्या हाताचा अंगठा चालला असता, पण शेजारी नातेवाइकाची सही हवी. सिस्टरने विचारलं, "सोबत कोण आहे?" वडील म्हणाले, "मुलगी आहे, कामावर आहे." मला फोन केला असेल, पण फ्लोअरवर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. दुपारी ब्रेकला मी फोन उघडला तर नऊ मिस्ड कॉल. तोपर्यंत त्यांचा नंबर जाऊन पुढचा पेशंट आत गेला होता. त्या वेळी मी एका गिऱ्हाइकाला तीन वर्षांच्या मुलासाठी कुर्ता-पायजमा दाखवत होते. ते बाबा मुलाला पाठीवर घेऊन उभे होते, मुलगा खिदळत होता, आणि मी हसत होते, कारण हसणं माझ्या कामाचा भाग आहे.

नवीन तारीख मिळाली २२ जानेवारी २०२६, गुरुवार.

मला कोणाला खलनायक करायचं नाही. मॅनेजर सर ३४ वर्षांचे आहेत, त्यांचीही मुलगी शाळेत जाते, आणि त्यांना स्वतःला ऑफ मिळालेले रविवार आम्ही बोटांवर मोजू शकतो. त्यांना आठवड्याचं टार्गेट वरून येतं, किती माणसं ठेवायची ते वरून ठरतं, आणि त्यातला एक जण न सांगता सोडून गेला की गणित कोलमडतं. मग ज्याची गरज त्यांना ठाऊक आहे त्याच्याच नावापुढचा ऑफ त्यांना खोडावा लागतो. नऊ वर्षांत मी चार मॅनेजर पाहिले. चौघांनी हेच केलं. तेव्हा हा माणसाच्या चांगल्या-वाईट स्वभावाचा प्रश्न नाही.

पण एक गोष्ट मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटू नये. दुकानात सगळंच ऐनवेळी ठरतं असं नाही. थंडीची जाकिटं उन्हाळ्यात ठरलेली असतात. जुलैचा आणि जानेवारीचा सेल येणार हे दरवाज्यावरच्या वॉचमनलाही माहीत असतं. दिवाळी कधी आहे ते कॅलेंडरात वर्षभर आधी छापून येतं. लग्नसराईच्या तिथी पंचांगात असतात. शनिवार-रविवारी गर्दी होते हे सांगायला संगणक लागत नाही. कोणता मॅनिकिन कोणत्या तारखेला कोणते कपडे घालणार याची छापील योजना आमच्या स्टॉक रूमच्या दारावर महिनाभर आधी चिकटवलेली असते. त्याच दारावर आमचाही कागद चिकटू शकतो.

माझा मामा लक्ष्मी रस्त्यावर साडीच्या दुकानात ३२ वर्षं सेल्समन होता. त्याचा पगार काही मोठा नव्हता, मालक कडक होता, जुनं सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. पण त्याचा सोमवार त्याचा होता. दुकानच सोमवारी बंद असायचं. मामाचा सोमवार आख्ख्या नात्यागोत्याला पाठ होता. माझ्या आईच्या लग्नाची बोलणी सोमवारी झाली. मामीचं बाळंतपण सोडलं तर त्या घरातली बहुतेक कामं सोमवारी झाली: गॅसचा नंबर, रेशन, शाळेचा दाखला, आजोबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. मामा तीन महिने आधी सांगू शकायचा, "या, मी सोमवारी घरी आहे." मला पुढच्या आठवड्याचंही कोणाला सांगता येत नाही.

हे कसं बदललं ते मी शोधून वाचलं. १९४८ च्या जुन्या शॉप ॲक्टमध्ये दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागायचं. महाराष्ट्राचा २०१७ चा नवा दुकाने व आस्थापना कायदा आला आणि दुकान आठवडाभर उघडं ठेवायला मोकळीक मिळाली. अट एवढी, की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यायची, आणि ती नाकारली तर दोन महिन्यांत बदली सुट्टी द्यायची. वाचताना अट चांगली वाटते. तुमच्या अधिकाऱ्यांनी आमचं रजिस्टर तपासलं तर त्यात चूक सापडणार नाही. १४ ऑक्टोबरची माझी सुट्टी गेली, तिच्या बदल्यात मला नोव्हेंबरात एक सुट्टी मिळाली. कायद्याचं समाधान झालं. त्या दिवशी मी घरी बसून वडिलांच्या पायाला तेल चोळलं. एमआरआयचं मशीन मात्र माझ्या बदली सुट्टीला मोकळं नव्हतं. सुट्टी राहिली, तिचा वार गेला. तिशीतल्या माणसाला नुसती सुट्टी पुरत नाही, ती कधी आहे हे आधी कळावं लागतं.

माझी मागणी मोठी नाही. राज्याच्या नियमांत एवढं लिहा: रोस्टर किमान १४ दिवस आधी लेखी लागला पाहिजे. लागल्यानंतर तो बदलायचा तर कामगाराची संमती हवी. संमती देणाऱ्याला त्या बदललेल्या दिवसाचे जादा पैसे मिळावेत आणि नाही म्हणणाऱ्याचा इन्सेन्टिव्ह कापला जाऊ नये. दवाखान्याची, परीक्षेची किंवा न्यायालयाची तारीख कागदानिशी आधी दिली असेल तर तो दिवस कोणालाही खोडता येऊ नये. आणि महिन्यातून निदान एक रविवार प्रत्येकाच्या वाट्याला यावा, आळीपाळीने.

हे अशक्य आहे असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०१७ साली असा कायदा केला. ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या रिटेल, हॉटेल आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना तिथे आधी ७ दिवस आणि जुलै २०२० पासून १४ दिवस आधी कामाचं वेळापत्रक द्यावं लागतं. ऐनवेळी बदललं तर पैसे मोजावे लागतात. आमच्या मॉलमध्येही अशा परदेशी कंपन्यांची दुकानं आहेत ज्यांना जगभरात वेगवेगळ्या नियमांप्रमाणे चालायची सवय आहे. नियम असला की त्या पाळतात.

आणि रविवार मागताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. शाळेत त्यांच्यावर चार ओळी होत्या, आता मी जास्त वाचलं. मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो सह्या जमवल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला माणूस. त्यांचं म्हणणं असं होतं की सहा दिवस मालकासाठी राबणाऱ्याला एक दिवस स्वतःसाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे. समाजासाठी, हा शब्द मी दोनदा वाचला. रविवारी पुण्यात लग्नं होतात, साखरपुडे होतात, सोसायटीच्या सभा होतात, दहावं-तेरावं सोडलं तर सगळं माणसं रविवारी ठेवतात. आम्ही त्यातल्या कशातच नसतो. नातेवाईक आता आम्हाला बोलावतानाच म्हणतात, "तुला काही जमणार नाही, पण कळवायचं म्हणून कळवलं." आठ-नऊ वर्षं असं झालं की माणूस हळूहळू सगळ्यांच्या यादीतून उतरतो.

आणखी एक गोष्ट, रोस्टरपेक्षा लहान, पण याच मुळातून आलेली. खुर्ची.

आमच्या फ्लोअरवर कर्मचाऱ्यांसाठी बसायला काही नाही. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं, कॅमेरा बघतो. विशीत नऊ तास उभं राहणं जमतं. पस्तिशीकडे झुकल्यावर टाचा, गुडघे आणि कंबर त्याचा हिशोब मांडतात. आमच्यातली एक जण सातव्या महिन्यापर्यंत किड्स सेक्शनला उभी होती. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असल्यामुळे पुढे तिला प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा पगारासकट मिळाली, ते चांगलं झालं. पण त्याआधीच्या महिन्यांत ती स्टॉक रूममध्ये मालाच्या खोक्यावर बसायची आणि मी दाराशी उभी राहून कोणी येतंय का बघायचे. एक गरोदर बाई दहा मिनिटं बसते यासाठी पहारा द्यावा लागावा, याची मला आजही लाज वाटते.

मामाच्या दुकानात पांढऱ्या चादरीची गादी होती. सेल्समन बसून साड्या उलगडायचे, गिऱ्हाईकही समोर बसायचं, आणि साड्या खपायच्या. उभं राहिलं तरच माल विकला जातो असं काही नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सांगितली होती. केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई गल्लीतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी 'पेणकूट्ट' नावाची संघटना काढली. तिच्या नेत्या पी. विजी स्वतः शिवणकाम करणाऱ्या. लघवीला जायची सोय आणि बसायचा हक्क, यासाठी त्या वर्षानुवर्षं लढल्या. २०१८ साली केरळने दुकान कायद्यात बदल करून बसायचा हक्क दिला. २०२१ साली तामिळनाडूने दिला. आपल्या २०१७ च्या कायद्यात पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, प्रथमोपचार आहे, मोठ्या आस्थापनांसाठी पाळणाघर आणि कॅन्टीन आहे. खुर्ची नाही. ती घाला.

एजन्सीबद्दल थोडक्यात लिहिते. मी कंपनीचा टी-शर्ट घालते, पण कागदावर नोकरी दुसऱ्याच एजन्सीत आहे. मधे एकदा एजन्सी बदलली, तेव्हा मला नवीन अर्ज भरायला लावला आणि माझी साडेचार वर्षं तिथेच संपली. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेला, तेव्हा पाच वर्षं लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायची सक्ती आहे आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. याची अंमलबजावणी करताना एजन्सी बदलली तरी माणूस त्याच फ्लोअरवर किती वर्षं आहे, ते धरलं जावं.

आणि तास. सप्टेंबर २०२५ मध्ये तुमच्या मंत्रिमंडळाने २० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांमध्ये रोजचे कामाचे तास ९ वरून १० करायला आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता. बिलिंगवाल्या ताईने विचारलं, "मग बस कितीची मिळेल?" क्लोजिंगनंतर मॉलच्या मागच्या गेटने बाहेर पडायला सव्वाअकरा होतात. रात्री साडेनऊनंतर बायकांना कामाला ठेवायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत पोचवायची सोय हवी, असं कायदा सांगतो. माझी संमती नोकरीच्या पहिल्या दिवशी भरलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात होती, ती मी २० वर्षांची असताना दिली होती. गाडी येते, पण ती मुख्य रस्त्यावर सोडते. आतल्या गल्लीतलं दीड किलोमीटर आम्ही दोघी-तिघी मिळून चालतो. त्यानंतर सकाळी साडेनऊला ओपनिंग असेल तर घरात जागं असलेल्या कोणाशी दोन शब्द बोलायलाही वेळ नसतो. एक तास वाढवायचा विचार करताना तो तास कोणाच्या घरातून येणार आहे हे तुम्ही एकदा आमच्यासमोर बसून ऐका. आम्हाला मुंबईला बोलवलंत तर आम्ही येऊ. पण तारीख १४ दिवस आधी कळवा, ही विनंती आहे.

दुकानवाल्यांची बाजू मला ठाऊक आहे. ते म्हणतात, या धंद्यात पोरं टिकत नाहीत, आज येतात उद्या जातात, त्यांच्यासाठी कसले चौदा दिवसांचे नियम? गेल्या दोन वर्षांत आमच्या फ्लोअरवरून गेलेल्या अकरा जणांना मी ओळखते. त्यातले दोघं जास्त पगारासाठी गेले. बाकीचे गेले तेव्हा प्रत्येकाच्या घरात काहीतरी घडलेलं होतं: बाळ, आजारपण, परीक्षा, लग्न. त्यांना नोकरी सोडायची नव्हती. त्यांना फक्त ठरावीक दिवशी घरी असायचं होतं. आता ते डिलिव्हरीच्या गाड्या चालवतात, कारण तिथे पैसे कमी मिळाले तरी ॲप बंद करता येतं. ज्या दादाने मला पहिल्या आठवड्यात घडी घालायला शिकवलं, तो खराडीत रात्री जेवणाचे डबे पोचवतो. त्याच्यासारखी घडी आज दुकानात कोणाला येत नाही.

साहेब, आज सोमवार आहे, १२ जानेवारी. सेल चालू आहे. माझ्या वडिलांची एमआरआयची तारीख २२ आहे, गुरुवारी सकाळी नऊची वेळ. मी अर्ज दिला आहे, ग्रुपवर टाकलं आहे, दवाखान्याच्या कागदाची झेरॉक्स सरांच्या टेबलावर ठेवली आहे. सर म्हणाले, बघू, करू काहीतरी. वडील डाव्या हाताने सही गिरवायचा सराव करताहेत. वहीची चार पानं भरली आहेत. रोज संध्याकाळी ते मला विचारतात, "त्या दिवशी तू येशील ना?"

त्या आठवड्याचा रोस्टर १७ तारखेला रात्री लागेल.

आपली नम्र,
लहान मुलांच्या कपड्यांच्या विभागातली एक कर्मचारी,
पुणे